मीठ कुणाला मागायचं

आमच्या घरमालक काकांच्या घरात वस्तू हरवत नसत. हळद दिसली नाही तर 'हळद सापडत नाही' असं म्हणायची परवानगी नव्हती. 'हळद पत्त्यावर नाही' असं म्हणायचं. सापडत नाही म्हटलं की दोष हळदीकडे जातो आणि पत्त्यावर नाही म्हटलं की काकूंकडे. काकांच्या मते दुसरी पद्धत जास्त शास्त्रीय होती.

काका एका सरकारी वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होते. नट, बोल्ट, बेअरिंग आणि फॅनबेल्ट यांच्या सहवासात त्यांची नोकरी झाली, आणि या मंडळींनी कधी उलट उत्तर दिलं नसल्यामुळे स्वभाव तसाच राहिला. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. शाल-नारळ काकूंनी ठेवून घेतले. घड्याळ काकांनी स्वयंपाकघरात लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच त्याच्याखाली येऊन उभे राहिले. अशा रीतीने काकूंच्या स्वयंपाकघराला साहेब मिळाला. काकूंनी तसा अर्ज केलेला नव्हता.

मी त्यांच्याकडे किरायाने राहायला आले ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. आमचं खेडं चुडाव्याच्या अलीकडे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली, त्यामुळे परभणीत खोली कशी शोधतात हे सांगणारं कुणी नव्हतं. आई आणि मी गल्लोगल्ली विचारत फिरलो. दोन घरांनी खोली दाखवली, पाणी दिलं, आणि आडनाव विचारल्यावर त्यांना एकदम आठवलं की ती खोली तर कालच दिली. तिसरं घर काकांचं. त्यांनी आडनाव विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "भांडी किती आणणार?"

आई गोंधळली. "काय जी, एक पातेलं, एक तवा, दोन ताटं..."

"पातेल्याला झाकण हाय का?"

"हाय."

"त्याच पातेल्याचं, का दुसऱ्याचं बसवलंय?"

आईने देवाच्या दारात सांगावं तसं खरं सांगितलं. "दुसऱ्याचं हाय, पर बसतंय."

काकांनी क्षणभर डोळे मिटले. "बसतंय म्हणायचं आणि वाफ जाऊ द्यायची. खामखा गॅस जाळायचा. बरं, या."

खोली मिळाली. मी काकांची चेष्टा करते, पुढेही बरीच करणार आहे. पण ज्या शहरात माझं आडनाव माझ्याआधी दारात पोचायचं, तिथे एका माणसाने झाकणाची चौकशी केली, हे मला विसरता येत नाही.

खोलीत टेबल नव्हतं. काकांनी तेलाचे दोन रिकामे पत्र्याचे डबे आणले, त्यावर पाणबुडी मोटारीच्या खोक्याची फळी टाकली आणि हे अभ्यासाचं टेबल आहे असं जाहीर केलं. डब्यांच्या आत पुस्तकं ठेवायची होती. उजव्या डब्यात चालू वर्षाची, डाव्यात मागच्या वर्षाची. माझी पदवी या फळीवर झाली. तिसऱ्या वर्षाला मी कोपर टेकवलं की डबा 'टण्' म्हणायचा आणि पलीकडून काका म्हणायचे, "झोपली का गं बेटा?" वर्गातल्या मुलींच्या घरी यासाठी शिकवण्या लावल्या होत्या. मला डबा पुरला.

काकांचा मूळ सिद्धांत असा, की पैसे देऊन आवरलेलं घर म्हणजे पैसे देऊन पास झालेला विद्यार्थी. घरात एक छदाम खर्च न करता व्यवस्था झाली पाहिजे, तरच ती व्यवस्था. त्यांचा मुलगा, ज्याला मी दादा म्हणत असे, एका बियाण्यांच्या कंपनीचा माल झरीपासून पार पाथरीपर्यंत दुकानादुकानांत पोचवायचा. तो एकदा भीतभीत म्हणाला, "बाबा, ओट्याखाली कप्पे करून घेऊ. आजकाल सगळेच करायलेत."

"कप्प्याला दार असतं का?"

"असतं की."

"म्हणजे आतलं दिसत न्हाई. जे दिसत न्हाई ते हरवलं. पैसे देऊन हरवायचं का?"

दादाने पुन्हा विषय काढला नाही. त्याच्या वाटच्या दुकानांतून तो ठिबक सिंचनाच्या नळ्यांचे तुकडे, खोक्यांच्या फळ्या, रिकाम्या बरण्या एवढं मात्र आणून द्यायचा. त्यातून काकांनी घडवलेलं स्वयंपाकघर मी रोज पाहत असे. तेलाचे डबे उभे कापून केलेल्या फडताळांत डाळी. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या दाराला ठोकून त्यात खोचलेली झाकणं, म्हणजे दार उघडलं की पंगतीत वाढप्या धावत आल्यासारखा आवाज. ठिबकच्या नळीला लटकवलेल्या पळ्या आणि उलथणी. फळ्यांवर अंथरायला कागद कशाला विकत आणायचा? गावातली लग्नपत्रिका काही फुकट येत नाही, तिच्यामागे आहेर जातो, म्हणून ती वसूल करायची. सगळ्या फळ्यांवर लोकांच्या लग्नपत्रिका अंथरलेल्या होत्या. तुरीच्या डाळीखाली एक जोडपं, मुगाच्या डाळीखाली दुसरं. दादाला तेव्हा तिशी उलटून गेली होती आणि स्थळं येऊन जात होती. काकू डाळ काढता काढता पत्रिका वाचायच्या आणि म्हणायच्या, "या डाळीखालची पोरं शाळेत जायलीत आता."

काका येण्यापूर्वी, म्हणजे निवृत्त होण्यापूर्वी, या स्वयंपाकघरात काकूंची पद्धत होती. बिस्किटांच्या डब्यात हळद. लाडवाच्या डब्यात साबुदाणा. 'चहा' असं कोरलेल्या डब्यात सुया-दोरे आणि 'साखर' कोरलेल्यात चहा. काकूंचा हात कधी चुकला नाही. काकांनी पहिल्या पाहणीत हे सगळं उघडून पाहिलं आणि ओट्याला टेकून बसले.

"डब्यावर एक, आत एक. ही अफरातफर हाय."

"खाणाऱ्याच्या पोटात बरोबर जायलंय ना?" काकू म्हणाल्या.

"आणि उद्या तुमी गावाला गेलात तर?"

"गेले कधी?"

यावर काकांनी सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. नुसती नावं असती तर चाललं असतं. पण नाव वाचून कुणालाही वस्तू सापडते, मग व्यवस्था कसली? त्यांनी वर्कशॉपसारखे पत्ते दिले. अक्षर म्हणजे फळी, आकडा म्हणजे डावीकडून कितवा. जिरं जगात कुठेही असेना, या घरात त्याने 'ग-चार' मध्ये राहायचं.

एकदा शिंप्याची टेप आणून त्यांनी काकूंचा हात मोजला. शेगडीपुढे काकूंना उभं केलं, दोन्ही हात पसरायला लावले आणि फरशीवर खडूने अर्धगोल काढला. रोज लागणारं सगळं या गोलात आलं पाहिजे. "हात लांबवला की वस्तू," काका म्हणाले, "पाय उचलला की चूक."

काकू हात पसरून तशाच उभ्या होत्या. म्हणाल्या, "मग खड्डा खणा आणि खांबासारखं गाडा मला इथंच."

"खांब फिरत न्हाई. तुमाला वळायचंय," काका गंभीरपणे म्हणाले. विनोद ही गोष्ट काकांच्या स्टोअरमध्ये कधी आलीच नव्हती, त्यामुळे तिला पत्ता नव्हता.

खरी कटकट अर्धगोलाच्या बाहेरच्या मालाची होती. वर्षभर हललं नाही ते भांडं म्हणजे मृत साठा. मृत साठा आधी माळ्यावर जायचा आणि मग भंगारवाल्याकडे. आता आपल्याकडच्या कुठल्याही बाईच्या मांडणीवर निम्मी भांडी अशीच असतात. लग्नात आहेर म्हणून आलेली, देणाऱ्याचं नाव मशीनने टिंब-टिंब करून कोरलेली. ती वापरायची नसतात. ती असायची असतात. काकू दिवाळीला ती चिंचेने घासायच्या आणि घासता घासता नावं वाचायच्या. कोण आजारी आहे, कोण गेलं, कुणाच्या नातवाला नोकरी लागली, हे सगळं त्या पातेल्यांवरून आठवायच्या.

मी आले त्या पहिल्याच वर्षी काकांनी त्यातलं एक मोठं पातेलं भंगाराच्या पोत्यात टाकलं. काकूंनी ते पोत्यातून काढून छातीशी धरलं. "माझ्या मामाचं नाव हाय याच्यावर. मामाला भंगारवाल्याच्या काट्यावर चढवायलाव का?"

"मामा वर्षात एकदा तरी हलला का?"

त्या संध्याकाळी काका फिरायला गेल्यावर काकू माझ्या खोलीत आल्या. पदराखाली मामा होता. "राहू दे गं बाई तुझ्या पलंगाखाली. तुझ्या खोलीत ते येत न्हाईत." मग मामाच्या मागून आत्या आली, मैत्रिणीची घागर आली, शेवयांचं यंत्र आलं, चकलीचा सोऱ्या आला. अर्ध्याअधिक नातेवाइकांवर मी तीन वर्षं झोपले. पलंगावर कूस बदलली की खालून कुणीतरी वाजायचं. दिवाळी आली की सोऱ्या गुपचूप बाहेर पडायचा, चकल्या व्हायच्या, आणि काका त्या खाताना म्हणायचे, "बगा, सोऱ्या काढून टाकला तरी काही अडलं का?" काकू मान हलवायच्या. चकल्या बहुधा आपोआप गोल होतात असं काकांना वाटत असावं.

काका वाईट नव्हते. पाण्याचा नंबर आला की माझीही बादली भरून ठेवायचे. परीक्षेला निघताना दारात उभे राहून पेन, प्रवेशपत्र, पाण्याची बाटली असं एकेक म्हणवून घ्यायचे. त्यांना एवढंच वाटत असे, की या जगात दुःख आहे त्याचं कारण लोक वस्तू जागेवर ठेवत नाहीत.

मी तिसऱ्या वर्षाला असताना दादासाठी पाथरीचं स्थळ आलं.

मुलगी तिथल्या एका खासगी शाळेत शिकवायची. वडिलांचं भाविकांसाठी हार-प्रसादाचं दुकान. पत्रिका, उंची, शिक्षण सगळं जमलं होतं. आजकाल आमच्या भागात मुलांची लग्नं जमणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी मुलगा आहे त्यालाच कळतं. पूर्वी मुलाकडचे जाऊन मुलीला चालून दाखव म्हणायचे. आता मुलीकडचे येतात आणि घर चालून बघतात. दादाला पाहून चार-पाच घरं परत गेली होती. नोकरी कायमची नाही, शेती नाही, या दोन्ही गोष्टींना इलाज नव्हता. दादा आता स्थळ येणार म्हटलं की नवा शर्ट घालायचा, पण इस्त्री करायचा नाही. काकू रात्री जेवताना मला म्हणाल्या, "हे जमलं न्हाई तर तो आता बसणारच न्हाई बघ पाटावर. त्याचं तोंड बघितलंस का?"

मुलीकडच्या बायका घर बघायला आल्या की त्या थेट स्वयंपाकघरात जातात, ही आपली रीत. ओटा बघतात, माठ बघतात, एखाद्या डब्याचं झाकण सहज उचलतात. बाहेर पुरुष पाऊसपाण्याचं बोलत असतात आणि निकाल आत लागत असतो. काकांना हे माहीत होतं. त्यामुळे पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी कर्तव्य म्हणून सगळं स्वयंपाकघर उतरवलं आणि नव्याने लावलं. सगळे पत्ते बदलले. जिरं 'ग-चार' मधून 'क-दोन' मध्ये गेलं. काकूंनी विचारलं, "आता उद्या मी करू काय?"

"तुमी फकत उभं राहा. बाकीचा इंतजाम मी केलाय."

पाहुणे आले. मुलगी, तिची आई, वडील आणि मावशी. मावशी म्हणजे या पथकाची प्रमुख, हे तिने चप्पल काढली तेव्हाच कळलं. पोहे झाले आणि मावशी उठली. "चला ताई, घर दाखवा."

बायका आत गेल्या. मी पाणी द्यायला तिथेच होते. मावशीने चारी भिंती पाहिल्या आणि खरंच म्हणाली, "अगं बाई! लय नीट हाय हो सगळं."

हे वाक्य बाहेर ऐकू गेलं आणि काका आत आले. आपल्याकडे अशा वेळी मुलाचा बाप स्वयंपाकघरात येत नाही. काका आले, आणि शेगडीपुढे अर्धगोलात उभे राहिले. "काय वाट्टेल ते मागा," ते मावशीला म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

मावशीला गंमत वाटली. "जिरं."

काकांनी डोळे न उघडता हात लांबवला. जिरं.

"हिंग."

हिंग.

"तमालपत्र!"

तमालपत्र आलं. मुलीची आई टाळ्या वाजवायचीच बाकी होती. काकांचा चेहरा लग्नात नवरदेवाचा असतो तसा झाला होता. मग मावशी वळली आणि काकूंना म्हणाली, "ताई, आता तुमी वेलदोडे द्या बरं."

काकू हलल्या नाहीत. त्यांनी एका फळीकडे पाहिलं, दुसऱ्या फळीकडे पाहिलं. मग त्यांनी काकांकडे पाहिलं. त्या ओट्याशी त्या नवी नवरी म्हणून आल्या तेव्हापासून उभ्या होत्या, आणि आता परक्या घरी पाणी मागायला आलेल्या बाईसारख्या दिसत होत्या.

मावशीने विचारलं, "मग सून आली की मीठ कुणाला मागायचं तिनं?"

"मला!" काका म्हणाले. छातीवर हात ठेवून म्हणाले. "केव्हाबी. आपली माल द्यायची खिडकी कधी बंद नसती."

मुलीने काकांकडे पाहिलंच नाही. ती काकूंकडे पाहत होती.

दोन दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला. त्यांना आणखी एक-दोन ठिकाणी बघायचं आहे म्हणे. काकांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला होता. "आक्षेप काय हाय तेवढं सांगा."

"आक्षेप न्हाई हो काका. मुलगा लाख हाय."

"मग?"

मध्यस्थ बराच वेळ घसा साफ करत राहिला. "ते म्हणाले, हे घर न्हाई, स्टोअर हाय."

"बरोबर!" काका म्हणाले. "मग अडचण काय?"

दादा उठून बाहेर गेला आणि मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. काकू माझ्या खोलीत गेल्या. पलंगाखाली वाकून त्यांनी एकेक भांडं ओढून काढलं आणि काकांच्या पायाशी आणून ठेवलं. मामा, आत्या, घागर, शेवयांचं यंत्र, सोऱ्या. सगळी बैठक भरली.

"हे काय?"

"माझा संसार. तीन वर्षं किरायादाराच्या खोलीत ठेवलाय."

काकांची नजर भांड्यांवरून फिरली. त्यांना बसलेला धक्का खरा होता, पण तो नको त्या जागी बसला होता. "एवढा माल घरात, आणि मला पत्ता न्हाई?"

"तेच सांगायलीये मी!" काकूंचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. "ती पोरगी माझ्याकडं बघायली होती, बघितलं का तुमी? तिला दिसलं तिचं काय होणार ते. पळाली ते बरं केलं तिनं. शहाणी हाय. मला त्या वयात एवढी अक्कल न्हवती."

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लावून घेतलं. झाकणं खणखणली. काकांनी मामाचं पातेलं हातात घेतलं. त्यावरचं नाव त्यांनी बोट फिरवून वाचलं. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "आक्षेप आला की समक्ष जाऊन खुलासा द्यावा लागतो. मी पाथरीला जायलोय."

काकू आतूनच म्हणाल्या, "या पोरीला संगं न्या. तोंडाला झाकण तरी राहील."

एसटीत मानवत येईपर्यंत काका खुलासा पाठ करत होते. मीठ ओलावा धरतं, म्हणून ते शेगडीपासून किती दूर असावं, हवा कुठून येते, चमचा कोरडा का असावा. मी ऐकत होते. मला खिडकीबाहेरचा कापूस बरा वाटत होता.

पाथरीचं ते घर पाहिलं आणि मी आधी काकांच्या तोंडाकडे पाहिलं. दुकानाचा सगळा माल घरात होता. बैठकीत नारळांची पोती, चुरमुऱ्यांचे गोणपाट, साखरफुटाण्यांच्या पिशव्या. स्वयंपाकघराचा पडदा एका खिळ्याला अडकून राहिला होता, आणि आम्हाला बसवलं ती खुर्ची नेमकी त्याच्यासमोर. आत शेगडीला चिकटून तेलाची कॅन. सिलेंडरच्या डोक्यावर पिठाची परात. ओट्याखाली नारळ, नारळांवर चपला. काकांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. डॉक्टरकडे सुई घ्यायला बसलेल्या माणसासारखे ते दिसत होते.

"पसारा लय हाय हो," मुलीची आई शरमून म्हणाली. "दुकान लहान पडतंय, सगळं घरातच येतंय."

काकांनी तोंड उघडलं. मी खोकले. त्यांनी मिटलं.

मावशी समोरच्या पोत्यावर बसून त्यांच्याकडेच बघत होती. "बोला भाऊ. कशाला येणं केलं?"

"मिठाचा खुलासा करायला," काका म्हणाले. "मीठ हे ओलावा धरणारं द्रव्य हाय..."

"काका," आतून मुलगी आली. हातात चहाचे कप होते, बशा एकमेकींशी जुळत नव्हत्या. काकांनी ते पाहिलं आणि नजर छताकडे नेली. "मावशीनं मिठाचं विचारलं न्हवतं."

"मग कशाचं?"

तिने कप ठेवले. "मी तुमच्या घरात एखादी वस्तू ठेवली, तर ती मी ठेवली तिथं राहील का?"

अशा वेळी मुलाकडचे काय वाटेल ते कबूल करतात. सून मुलीसारखी राहील, नोकरी करू देऊ, शिकवू, हे बोलायला काही लागत नाही. 'राहील' एवढा एक शब्द म्हटला असता तर दादाचं लग्न तिथल्या तिथे जमलं असतं. मी मनातल्या मनात तो शब्द काकांच्या तोंडात ढकलत होते. काका चहाकडे बघत राहिले. मावशीने पदराने वारा घेणं थांबवलं.

"न्हाई सांगता येत," काका म्हणाले. "खोटं कशाला बोलू? माझा हात जाणार. झोपेत बी जाईल."

मुलीच्या आईने सुस्कारा सोडला.

"पण एक सांगतो," काका तिच्याकडे बघून म्हणाले. "आमच्या घरात एक बाई तीन वर्षं स्वतःची भांडी दुसऱ्याच्या पलंगाखाली लपवायली होती. आणि मी स्टोअरकीपर. मला कळलं न्हाई. तुमी लपवू नका. 'ठेवा परत' म्हणून ओरडा. मी ठेवीन. मला ऐकू येतं, फकत मोठ्यानं म्हणावं लागतं."

मग मुलगी हसली. तिने ओठ दाबले, पण ते हसूच होतं. मावशी तिला म्हणाली, "तुला काय हसायला यायलंय गं?"

"न्हाई, म्हणजे," ती म्हणाली, "मोठ्यानं तर मी रोजच बोलते. शाळेत साठ पोरं हायेत मला."

मावशीने काकांकडे पाहिलं, मग मुलीकडे, मग पुन्हा काकांकडे. "चहा घ्या भाऊ," ती अखेर म्हणाली, "गार व्हायलाय."

काकांनी चहा घेतला. त्यात साखर फार झाली होती, हे मलाही कळलं. काका म्हणाले, "चांगला झालाय." त्या दिवशी ते एवढं एकच खोटं बोलले असतील.

लग्न झालं. मी पदवी घेतली, पुढे शिकले, नोकरी लागली. आता माझ्या घरी ओट्याखाली दारं असलेले कप्पे आहेत आणि त्यांत वस्तू रीतसर हरवतात. सवड मिळाली की मी काकांकडे जाऊन येते.

मागच्या महिन्यात गेले होते. काका ओसरीवर खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि आत चहाची तयारी चालली होती.

"आत्या, गाळणी कुठंय?" सून काकूंना विचारत होती.

"तूच ठेवलीस की गं सकाळी."

"मी कशाला ठेवू? तुमी पोह्याला घेतली होती."

"पोह्याला गाळणी कोण घेतं बाई?"

डबे उघडल्याचे आवाज, झाकण पडल्याचा आवाज, दोघींचं हसणं, पुन्हा शोध. माझ्या खुर्चीवरून फळीचा कोपरा दिसत होता. गाळणी साबुदाण्याच्या डब्यामागे उभी होती. मला दिसत होती म्हणजे काकांना दिसतच असणार. मी त्यांच्याकडे पाहिलं. पेपर त्यांनी नाकापर्यंत वर धरला होता. पेपरामागून आवाज आला नाही, पण पेपर थोडा थरथरत होता.

आतून सून मोठ्याने ओरडली, "मामा! सांगू नका हं!"

"मी कुठं काय बोललो?" काका म्हणाले. मग पान उलटून, मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "बस बेटा, बस. चहाला जरा टाइम लागंल."